नाव कोरलेली पट्टी

दोस्तांनो, हे वाचता वाचता जरा उठा आणि स्वयंपाकघरातून एखादं जुनं स्टीलचं पातेलं घेऊन या. काठाजवळ नीट बघा. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसतात का? आजीचं नाव, आजोबांचं नाव, नाहीतर ‘सप्रेम भेट’ आणि खाली एक तारीख. त्या पातेल्यात तीस वर्षं वरण शिजलं, तळाला पोचे आले, पण ते कुणी, कुणाला आणि कधी दिलं हे आजही वाचता येतं.

आता पातेलं जागेवर ठेवा. आपल्याला एका मोटारीकडे जायचंय!

महिंद्र कंपनीनं ऑगस्ट २०२५ मध्ये ‘बीई ६’ या विजेवर चालणाऱ्या गाडीची एक खास आवृत्ती जाहीर केली. बॅटमॅनच्या नावाची! ही गाडी आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या चाकणला तयार होते. थांबलेली गाडी ताशी १०० किलोमीटरचा वेग अवघ्या ६.७ सेकंदांत गाठते. कंपनी आधी फक्त ३०० गाड्या काढणार होती. मागणी पाहून तो आकडा ९९९ केला. नोंदणी सुरू झाल्यावर सगळ्या ९९९ गाड्या १३५ सेकंदांत संपल्या, असं कंपनीनं सांगितलं. म्हणजे तुमच्या वर्गाची हजेरी संपायच्या आत!

या गाडीच्या डॅशबोर्डवर सोनेरी रंगाची एक छोटीशी पट्टी आहे. तिच्यावर गाडीचा क्रमांक असतो. ९९९ गाड्यांपैकी ही कितवी, ते ती पट्टी सांगते. पट्टीमुळे गाडी जोरात पळत नाही की बॅटरी जास्त टिकत नाही. तरीही लोकांना ती हवी असते. का बरं?

अशा पट्टीला आपण ‘बांधणीची पट्टी’ म्हणू या. ती कशी बनते, तिच्यावर काय लिहायचं आणि काय मुळीच लिहायचं नाही, हे आज पाहू. शेवटी तुम्हालाही एक बनवायची आहे, तेव्हा लक्ष देऊन वाचा.

एक ओळखीची, एक आठवणीची

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. गाडीवर दोन प्रकारच्या पट्ट्या असू शकतात आणि त्यांची गल्लत करायची नसते.

पहिली ओळखीची. प्रत्येक मोटारीला कारखान्यातच १७ अक्षरा-आकड्यांचा एक क्रमांक मिळतो. बोलताना आपण त्याला ‘चासी नंबर’ म्हणतो. तो गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि वेगळ्या पट्टीवरही असतो. पहिली तीन चिन्हं गाडी कुणी बनवली ते सांगतात. ‘एम-ए-१’ दिसलं की महिंद्र, ‘एम-ए-टी’ म्हणजे टाटा, ‘एम-ए-३’ म्हणजे मारुती. एक गंमत सांगू? या १७ चिन्हांत इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरं कधीच येत नाहीत. कारण उघड आहे. ‘आय’ एकासारखा दिसतो आणि ‘ओ’, ‘क्यू’ शून्यासारखे. वाचणारा फसू नये म्हणून त्यांना सुट्टीच देऊन टाकली!

हा क्रमांक म्हणजे गाडीचा जन्मदाखला. तो खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. चोरीची गाडी विकणारे हेच तर करतात. रस्त्यावरून दिसणाऱ्या नंबर प्लेटचंही तसंच. ‘एमएच-०४’ म्हणजे ठाणे, ‘एमएच-०५’ म्हणजे कल्याण, हे तुम्हाला पाठच असेल. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षेची पाटी येते. ती अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्यावर अशोकचक्राचं चकाकतं चिन्ह असतं आणि लेझरनं कोरलेला वेगळा क्रमांकही असतो. एकदा बसवलेली पाटी मोडल्याशिवाय काढता येत नाही.

दुसरी पट्टी आठवणीची. ती सरकार मागत नाही, पोलीस तपासत नाहीत. कुणीतरी हौसेनं किंवा अभिमानानं ती लावलेली असते. तिच्यावर काय लिहावं याचा कायदा नाही. म्हणूनच ते लिहिणाऱ्याच्या खरेपणावर सोपवलेलं असतं.

इंजिनावर कारागिराचं नाव

जपानच्या निसान कंपनीची ‘जीटी-आर’ ही गाडी जगभरच्या मुलांच्या भिंतीवर चित्र होऊन लटकलेली असते. २००७ मध्ये निघालेली तिची शेवटची पिढी ऑगस्ट २०२५ मध्ये बनायची थांबली. तोवर सुमारे ४८,००० गाड्या तयार झाल्या होत्या. आता एवढ्या सगळ्या इंजिनांची हातानं जुळणी किती जणांनी केली असेल? फक्त नऊ जणांनी! जपानीत अशा निष्णात कारागिराला ‘ताकुमी’ म्हणतात. एक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ताकुमी जुळवायचा, आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनावर लागायची.

जर्मनीतल्या ‘एएमजी’ कंपनीची रीतही अशीच आहे. तिथे ‘एक माणूस, एक इंजिन’ या पद्धतीनं बनलेल्या इंजिनावर कारागिराची सही असलेली पट्टी असते. पण एएमजीच्या प्रत्येक गाडीला ती मिळत नाही हं. नोव्हेंबर २०२० मध्ये चाकणला जुळणी झालेली भारतातली पहिली एएमजी गाडी बाजारात आली. ती होती ‘जीएलसी ४३’. तिचं इंजिन या एका माणसाच्या पद्धतीनं बनत नव्हतं, म्हणून त्याच्यावर सहीची पट्टी नव्हती. हेच बरोबर आहे, नाही का? जे झालंच नाही, ते लिहायचं नाही.

नाव कोरणं म्हणजे नुसती शाबासकी नव्हे बरं का. समजा, एखादा नट नीट आवळला गेला नाही, तर ‘कुणी केलं हे?’ असं विचारायचीही गरज नाही. नाव समोरच आहे! म्हणून ज्याचं नाव लागणार असतं, तो प्रत्येक नट दोनदा तपासतो. तुम्ही उत्तरपत्रिकेवर नाव घालता तेव्हा अक्षर जरा सुधारतं, तसंच हे.

पट्टी बनते कशी?

आता कारखान्यात शिरू या. पट्टीवर अक्षरं उमटवायच्या चार रीती सांगतो.

पहिली रीत ठोकण्याची. पोलादाच्या छोट्या पंचावर टोकाला एकच अक्षर किंवा आकडा उलटा कोरलेला असतो. पंच पट्टीवर धरायचा आणि हातोडीचा एक घाव घालायचा, की अक्षर सुलटं उमटतं. घाव एकच हवा. दुसरा बसला की अक्षराला सावली येते.

दुसरी रीत ठिपक्यांची. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देणारे काका आठवा. त्यांच्या हातातली विजेची लेखणी ‘टर्रर्र’ करत धातूला बारीक ठिपके पाडत जाते. मोटारीच्या कारखान्यातली यंत्रंही कठीण टोकाची सुई धातूवर भराभर आपटून असेच ठिपके पाडतात. फरक इतकाच, की तिथे सुईला संगणक फिरवतो. पातेलं आणि मोटार यांचं असं नातं आहे!

तिसरी रीत रसायनाची. तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीवर जी अक्षरं उठावात हवी, तेवढ्याच भागावर आम्लाला न जुमानणारा रंग लावतात. मग पट्टी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडतात. उघडा धातू हळूहळू विरघळतो, रंगाखालचा तसाच राहतो. मग खोलगट भागात रंग भरून वरून घासलं, की चकचकीत अक्षरं वर उठून दिसतात. रेडिओ, टीव्हीच्या आतल्या सर्किटच्या पट्ट्याही असंच तांबं विरघळवून करतात. हे काम घरी एकट्यानं करायचं नाही. द्रावण कातडीला आणि डोळ्यांना इजा करतं, कपड्यांवर कायमचे डाग पाडतं आणि ते मोरीत ओतायचं नसतं. हातमोजे आणि चश्मा घालून, प्रयोगशाळेत सरांसमोरच.

चौथी रीत सगळ्यात शहाणी. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी विरल सल्फ्युरिक आम्लात ठेवून तिच्यातून वीज सोडतात. पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा कडक थर चढतो. त्या थरात डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं असतात. पट्टी रंगात बुडवली की रंग त्या भोकांत शिरतो. मग उकळत्या पाण्यात ठेवली की भोकांची तोंडं मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. आता लेझरचा किरण फिरवायचा. जिथे किरण लागतो तिथला रंग उडतो आणि फिकट अक्षरं उमटतात. रंग वरून फासलेला नसल्यामुळे पोपडे निघत नाहीत.

पावसाळा विसरू नका

पट्टी बनवली, आता लावायची कुठे? इथे आपल्या हवामानाचा विचार हवा. शहापूर आणि मुरबाडचा पाऊस काय असतो ते तिथल्या मुलांना सांगायला नको. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात उगाच नाहीत बांधली! अशा दमट हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या भागावर पितळेची पट्टी थेट ठोकली आणि मध्ये पाणी शिरलं, तर दोन वेगळ्या धातूंची छोटीशी बॅटरीच तयार होते. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं आणि पांढरी भुकटी दिसू लागते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियमचीच पट्टी लावावी, नाहीतर मध्ये रबराचा पातळ तुकडा घालावा.

इंजिनाजवळ उष्णता फार, तिथे चिकटपट्टी सुटते. तिथे रिबिट मारलेलं बरं, तेही अनुभवी मिस्त्रीकडून. एक मात्र कधीच करायचं नाही. ‘एअरबॅग’ असं लिहिलेल्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही. अपघात झाला की ती पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. तिच्यावरची धातूची पट्टी गोळीसारखी सुटेल.

मुरबाडच्या डोक्यावरची नावं

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पट्टीचं एवढं काय? तर चला, जरा घाट चढून येऊ.

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे गाव लागतं. तिथून नाणेघाटाची पायवाट वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातला माल याच वाटेनं जुन्नरकडे जायचा. घाटमाथ्यावर, जुन्नरच्या हद्दीत, एक कोरीव गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. विल्यम साइक्स या अधिकाऱ्यानं १८२८ मध्ये तो पाहिला आणि अभ्यासकांना त्याची माहिती झाली.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच गुहेत एका भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. प्रत्येक पुतळ्याच्या डोक्यावर त्याचं नाव. आज ते पुतळे नाहीत. पायांचे काही अवशेष तेवढे उरलेत. पण नावं अजून आहेत! राजा सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी, त्यांचे कुमार. त्या छोट्याशा ओळींमुळेच तिथे कोण उभं होतं ते आपल्याला कळतं. वस्तू गेली, पाटी राहिली.

ठाण्यातही असंच झालं. १७८७ मध्ये खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. तो शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा. त्याचा राजवाडा आज दिसत नाही, पण तांब्याच्या पत्र्यांवरचा मजकूर वाचता आला. जुन्या बऱ्याच ताम्रपटांच्या शेवटी तो लिहिणाऱ्याचं किंवा कोरणाऱ्याचंही नाव असतं. म्हणजे कारागिराची सही ही काही जर्मनी-जपानचीच मिरास नाही!

आणि कसाऱ्याची न लिहिलेली पाटी

आता शहापूर तालुक्यात या. कसारा स्टेशन सोडलं की रेल्वे थळ घाट चढू लागते. आपण त्याला कसारा घाटच म्हणतो. दर ३७ फुटांना १ फूट चढ! म्हणून गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. हा मार्ग इगतपुरीपर्यंत १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. पुढे विजेची इंजिनं आली. घाटासाठी आणलेल्या मालगाडीच्या इंजिनांपैकी एकाचं नाव होतं ‘सर लेस्ली विल्सन’. हे साहेब १९२३ ते १९२८ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. इंजिन बनवणाऱ्या कारखान्यांच्या धातूच्या पाट्याही इंजिनांवर असत. कारखाना, क्रमांक, साल.

आणि घाट कुणी फोडला? सुरुंगाचे दर कुणी पाडले, बोगद्यातला दगड डोक्यावर कुणी वाहिला? त्याच काळात दक्षिणेकडे भोर घाटाचं काम चालू होतं. तिथे १८६१ मध्ये एका वेळी ४०,००० हून जास्त मजूर राबत होते. त्यात बायका आणि मुलंही होती. पटकीनं आणि तापानं कितीतरी माणसं दगावली. दोन्ही घाटांतून आजही रोज गाड्या जातात. बांधणारे इंजिनिअर आणि कंत्राटदार पुस्तकांत सापडतात, मजुरांची नावं नाही सापडत. त्यांची पट्टी कुणी कोरलीच नाही.

आता त्याच शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूरहून येणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसारा घाटाला वळसा न घालता गाड्या लांबलचक बोगद्यातून भुर्रकन निघून जातात. तुम्हीही कधी गेलात, तर बोगद्याच्या तोंडाशी कोणाचं नाव आहे ते वाचा. आणि कोणाचं नाही, याचाही विचार करा.

तुमची पट्टी

आता तुमची पाळी. महागडी गाडी हवी असं मुळीच नाही. दादानं दुरुस्त केलेली सायकल, बाबांनी पुन्हा रंगवलेली स्कूटर, विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गानं बनवलेली मोटार, काहीही चालेल. मुंबईच्या आयआयटीतली मुलं स्वतः विजेवरची रेसिंग गाडी बनवून इंग्लंडला स्पर्धेला नेतात. तीही कधीतरी तुमच्याएवढीच होती!

साहित्य: जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा फेकून द्यायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीचा सपाट तुकडा (८ बाय ४ सेंटिमीटर), पुठ्ठा, जुनं वर्तमानपत्र, शाई संपलेलं बॉलपेन, काळा रंग, फडकं. तुकडा मोठ्या माणसाकडून कापून घ्या, कडा धारदार असतात.

कृती: कागदावर मजकूर लिहा. कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरून मागून गिरवा, म्हणजे अक्षरं उलटी मिळतील. पत्र्याखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. वर तो उलट्या अक्षरांचा कागद ठेवून बॉलपेनानं दाबून गिरवा. पत्रा पालथा केला की अक्षरं सुलटी आणि उठावात दिसतील. सगळीकडे काळा रंग फासा, अर्धवट वाळला की फडक्यानं वरवर पुसा. खोलगट भागात काळा रंग राहील, अक्षरं चमकतील. मागे पुठ्ठा चिकटवा की झालं.

आणि लिहायचं काय? पाच गोष्टी पुरे: वस्तू कोणती, कितवी, कधी पूर्ण झाली, कुठे आणि कुणी बनवली. ‘शहापूर’ किंवा ‘मुरबाड’ असं गावाचं नाव जरूर घाला. एक काळजी घ्या. बारांपैकी सातवी असेल तर ‘१२ पैकी ७’ असंच लिहा. नुसतं ‘७/१२’ लिहिलंत, तर आजोबा विचारतील, ‘ही कुठल्या शेताची रे?’

शेवटची ओळ सगळ्यात अवघड. ‘कुणी बनवली’ तिथे एकट्याचं नाव घालायचा मोह होईल. तेव्हा थोडं थांबून मोजा. चाकाचं बेअरिंग बदलून देणारे गॅरेजवाले काका, वेल्डिंगचा टाका मारून देणारा आयटीआयचा दादा, रात्री उशिरापर्यंत बॅटरी धरून उभी राहिलेली बहीण. जागा कमी पडली तर अक्षरं बारीक करा, पण माणूस गाळू नका. आणि ज्यानं हात लावला नाही, तो कितीही मोठा असला तरी त्याचं नाव घालू नका.

पालकांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. गाडीचं इंजिन उघडून पुन्हा बांधणाऱ्या मिस्त्रीला पुढच्या वेळी विचारा, ‘तुमच्या नावाची छोटी पट्टी आत लावू का?’ खर्च फार नाही. भांड्यावर नाव घालून देणारे काका तुमच्याच बाजारात बसलेले असतात.

मग काय मुलांनो, पहिली पट्टी कशावर लावताय? आणि तिच्यावर कुणाकुणाची नावं येणार, याची यादी आजच करायला घ्या!